केसपेपर आणि संशोधन

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. विषय सर्पगंधेचा होता. ही वनस्पती आपल्या वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती; तिच्या अंगी रक्तदाब उतरविण्याचा गुण आहे हे कलकत्त्याच्या सेन व बोस या दोघा डॉक्टरांनी १९३१ मध्येच लिहून ठेवले होते. म्हणजे वकिलांनी नवे औषध शोधून काढले असे नव्हे. त्यांनी ५० रुग्णांना ते दिले आणि प्रत्येकाचा रक्तदाब औषधापूर्वी व नंतर काळजीपूर्वक मोजून नोंदला. वरकरणी हे कारकुनी काम. पण या नोंदींमुळेच पाश्चात्त्य वैद्यकाने सर्पगंधेची दखल घेतली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. रेसर्पिन आज मागे पडले आहे. वकिलांची रीत मात्र आपल्याकडे रुजलीच नाही, याचा खेद अधिक वाटतो.

धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन, १०० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी २०२२-२३ च्या सत्रात दाखल झाली. छातीत कळ आली की सोलापूरची वाट धरण्याची सवय झालेल्या या जिल्ह्याला त्याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे महाविद्यालय केवळ रोगी तपासणार की रोगाविषयी काही नवे सांगणार, हा प्रश्न आताच विचारला पाहिजे. इमारती उभ्या राहिल्यानंतर नव्हे. संशोधन म्हणजे बढतीच्या वेळी जोडावयाचे शोधनिबंध, अशी समजूत एकदा भिंतींत मुरली की ती निघत नाही.

संशोधन हे मुंबई-पुण्याचे काम, आडबाजूच्या डॉक्टरास ते कसे जमावे, अशी शंका कोणी घेईल. तिला डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे उत्तर पुरेसे आहे. जालना जिल्ह्यातील देहेडचा, म्हणजे मराठवाड्यातलाच हा माणूस १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. लाल विंचवाच्या दंशाने तेथे धडधाकट माणसे दगावत. बावस्कर रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास टिपत राहिले. विषामुळे रोहिण्या आकसतात, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी साचते, हे चित्र त्यातून उलगडत गेले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांची निरीक्षणे छापली. पुढे रोहिण्या सैल करणारे, रक्तदाबावरचे प्रॅझोसिन त्यांनी या रुग्णांना देऊन पाहिले व १९८६ मध्ये त्याचे निष्कर्षही तेथेच प्रसिद्ध केले. जेथे गंभीर रुग्णांपैकी शेकडा चाळीसांच्या आसपास मरत, तेथे हे प्रमाण शेकडा एकाच्या घरात आले. बिरवाडीला ना प्रयोगशाळा होती, ना अनुदान.

रोहिण्यांच्या रोगाचा तर आपल्या भागात वेगळाच अभ्यास व्हावयास हवा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा गावांतील माता व मुले यांचा पाठपुरावा केला. तेथील बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली. चरबी मात्र त्या मानाने घटलेली नव्हती. मधुमेह आणि हृदयविकार यांची मुळे आईच्या उदरापर्यंत जातात, असे या कामाचे सांगणे आहे. हॉलंडात १९४४-४५ च्या हिवाळ्यात मोठी उपासमार झाली. त्या वेळी जे गर्भावस्थेच्या प्रारंभी होते, त्यांना पन्नाशीच्या सुमारास हृदयविकार अधिक प्रमाणात जडलेला आढळला. त्यांच्या जन्माच्या नोंदी रुग्णालयाने जपून ठेवल्या होत्या, म्हणूनच हे कळले.

आता आपल्याकडे पाहू. १९७२ च्या दुष्काळाने या जिल्ह्याला होरपळून काढले. गरोदर बायका दुष्काळी कामांवर खडी फोडीत होत्या. त्या वेळी पोटात असलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांतली कित्येक शाळांत शिकवीत आहेत, कचेऱ्यांत बसली आहेत. त्यांच्या रोहिण्यांची स्थिती काय? त्यांच्या आधी व नंतर जन्मलेल्यांहून ती वेगळी आहे का? भूम, परंडा, कळंब या तालुक्यांत बसून विचारता येईल असा हा प्रश्न आहे, आणि ही पिढी हयात असेतोच तो विचारता येईल.

साधने अगदीच नाहीत असे नाही. तिशीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब व साखर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. आशा कार्यकर्त्या घरोघर माहिती भरून घेतात. नव्या अभ्यासक्रमानुसार वैद्यकीय विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही कुटुंबे दत्तक घ्यावयाची असतात. ही भेट वहीत सही घेण्यापुरती उरू नये. तुकडीमागून तुकडी त्याच घरी गेली, तोच रक्तदाब त्याच पद्धतीने मोजला, जन्मसाल शाळेच्या दाखल्यावरून पडताळले आणि अर्थातच घरच्यांची संमती घेतली, तर दहा वर्षांत हाती काहीतरी लागेल.

अडचण आहे ती निराळीच. सरकारी दवाखान्यात रुग्ण दर खेपेस नवा केसपेपर काढतो आणि जुना घरी कोठेतरी खुंटीला लटकत राहतो. गेल्या वर्षी कोणती गोळी होती, रक्तदाब किती होता, हे डॉक्टरास ठाऊक नसते. त्यात त्याची बदली होते. वैद्यकीय शिक्षण विभागाने धाराशिवसाठी दोन गोष्टी तरी कराव्यात: रुग्णाला एकच कायमचा क्रमांक देऊन त्याच्या नोंदी रुग्णालयातच ठेवाव्यात, आणि अशा पाठपुराव्यात गुंतलेल्या डॉक्टरास किमान पाच वर्षे जागेवरून हलवू नये. पहिली तुकडी बाहेर पडण्याच्या आत हे व्हावे.