एकशे पाच तासांचा हिशेब

‘घाईचं काम, पहिल्या पावसात उखडेल.’ जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना दरम्यान 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला, तेव्हा असा शेरा मारणारे कमी नव्हते. आपल्याकडच्या रस्त्यांचा अनुभव पाहता ते स्वाभाविकही आहे. पण युक्तिवाद म्हणून तो लंगडा आहे.

डांबरी कामात घात करतो तो वेग नव्हे, खोळंबा. गरम माल वाटेत निवला की रोलर कितीही फिरवा, तो नीट दबत नाही. पेव्हर थांबला की तिथे सांधा पडतो आणि पुढे पाणी नेमके त्या सांध्यातून शिरते. ठेकेदार राजपथ इन्फ्राकॉनने 3 जूनच्या सकाळी सुरू केलेले काम 7 जूनच्या संध्याकाळपर्यंत अखंड चालवले. माल लागला 36,634 टन. 20 टनांचा टिप्पर धरला, तर दर साडेतीन मिनिटांना एक भरलेला टिप्पर यायला हवा, तोही रात्री तीन वाजता. गिट्टीचे ढीग, 2,070 टन डांबर, प्लांटची डागडुजी, 720 जणांच्या पाळ्या, सगळे आधी जुळवावे लागते. म्हणजे गडबड टाळल्याशिवाय हा वेग साधतच नाही. सलग डांबरी थर टाकण्याचा दोहाचा 2019 मधला विक्रम 25.275 किलोमीटरचा होता. तो मोडला गेला तो या जुळवाजुळवीने.

मात्र विक्रमाचा झेंडा नाचवणाऱ्यांनाही एक विचारायला हवे. 105 तासांत नेमके काय झाले? रस्ता नव्हे, रस्त्याचा वरचा थर, तोही एका पदराचा. दुपदरी रस्त्याच्या मापाने तो साडेसदतीस किलोमीटर भरतो. खालचा भराव, मुरूम, खडीचे थर, मोऱ्या हे घड्याळ सुरू होण्याआधीचे. आमच्या काळ्या मातीत रस्त्याचे आयुष्य तिथेच ठरते, कारण ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आणि याच महामार्गाचे चौपदरीकरण अनेक वर्षे रखडले होते, धूळ आणि खड्डे खात वऱ्हाड त्यावरून ये-जा करत होता, ते तास कोणत्या बुकात मांडायचे?

तेव्हा विक्रमाची टिंगल नको, आरतीही नको. त्यातली शिस्त उचलावी. आमची बहुतेक बांधकामे मजुराच्या आळसाने अडत नाहीत. अडतात ती भूसंपादन, थकलेली बिले, उशिरा मिळणारे नकाशे आणि न आलेली गिट्टी यांपायी. या गोष्टी टिप्परसारख्या मिनिटांवर आणता येतात. निविदेतच माल, पैसा आणि जमीन यांच्या तारखा बांधून घ्याव्यात, त्या चुकल्या तर दंड ठेकेदारालाच नव्हे, खात्यालाही लावावा, आणि कामाचे घड्याळ कार्यादेशाच्या दिवशी सुरू करून दोषदायित्वाची मुदत संपेपर्यंत चालू ठेवावे.