टायरचे वय विचारा

मंडळाच्या जेवणाच्या रांगेत टायरचा विषय निघाला की 'कितीला पडले' हे सगळे सांगतात. 'कधीचे होते' हे कोणी सांगत नाही. आम्हीही त्यातलेच. गेल्या जानेवारीत गोल्फ रोडवर सिग्नल लाल झाला, आम्ही ब्रेक दाबला आणि गाडी तशीच घसरत चौकात शिरली. मागच्या सीटवर पुण्याहून आलेले आई-बाबा. आडव्या रस्त्याने येणारा सावध होता म्हणून निभावले. टायरवर नक्षी भरपूर होती. घरी येऊन वाकून पाहिले, तर टायर नऊ वर्षांचे!

पेशाने रसायनवाले असून हे लक्षात येऊ नये याची आम्हाला लाज वाटते. ऑल-सीझन टायरचे रबर साधारण ४५ अंश फॅरनहाइटच्या खाली ताठरू लागते, आणि आपल्या ओहेअरवर ३० जानेवारी २०१९ रोजी पारा उणे २३ होता. शिवाय हवेतला ओझोन आणि ऑक्सिजन रबराला खात असतात. ते रोखायला रबरात सिक्स-पीपीडी नावाचे रसायन घालतात, पण तेही हळूहळू संपते. (त्यापासून बनणारे रसायन कोहो सामन माशांना मारते, हे २०२० मध्ये उघड झाले. तो वेगळा लेख होईल.) गाडी गॅरेजमध्ये उभी असली तरी टायर म्हातारे होतातच.

टायरच्या कडेवर 'डीओटी'पुढच्या मजकुरातले शेवटचे चार आकडे पाहा. ३६१८ म्हणजे २०१८ सालचा ३६ वा आठवडा. कित्येक मोटार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. 'नवा' म्हणून दुकानात तीन वर्षे पडलेला टायर पुढे केला, तर दुसरा मागा. भेंडीचे टोक मोडून पाहणारे आपण, इथेच का संकोचतो?

ट्रेडवेअरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, तो कंपनी स्वतःच ठरवते. 'एम अँड एस' ही अक्षरे नुसत्या नक्षीवरून मिळतात. बर्फावरची परीक्षा दिलेल्या टायरवर तीन शिखरे आणि हिमकण असे चिन्ह असते. आमच्या मते शॉमबर्गमध्ये रोजच्या गाडीला ते चिन्ह असलेले बारमाही टायर पुरेत. टाउनहाउसमध्ये दुसरा संच ठेवायचा कुठे? दोनच नवे घ्यायचे असतील तर मागे लावा. मागची चाके घसरली की गाडी गरकन फिरते.

आता बोचणारी गोष्ट. आपली जुनी कॅमरी कोणाला जाते? चॅम्पेनला शिकायला निघालेल्या पोराला. फी, डॉर्म, लॅपटॉप, सगळे कुरकुर न करता देतो, आणि भर हिवाळ्यात आय-५७ वरून ये-जा करणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाच्या गाडीला घरातले सर्वांत जुने टायर!

संक्रांतीच्या कार्यक्रमाला अर्धा तास लवकर या. पार्किंगमध्ये आम्ही टॉर्च आणि पेनी घेऊन उभे राहू. (टांकसाळीने चलनी पेनी पाडणे २०२५ मध्ये थांबवले, पण आमची बरणी भरलेली आहे.) पेनी उलटी करून खाचेत घातल्यावर लिंकनचे पूर्ण डोके दिसले, तर १/१६ इंचही नक्षी उरलेली नाही; इलिनॉयमध्ये तो टायर कायद्यानेही बाद. मुले सुट्टीवर आली असतील तर त्यांचीच गाडी घेऊन या.