आवाज वाढला, पण पॉवर कुठंय?

मामा चौकात संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहून बघा. बुलेट दिसायच्या आधी ऐकू येते. मग ‘फाट्’ करून बार निघतो, रस्त्याकडेची माणसं दचकतात आणि गाडीवरचा भाऊ मागे वळून बघतो, कुणी बघायलंय का म्हणून. हीच गाडी पुढे गांधी चमनकडे वळली की तिथं स्त्री रुग्णालय आहे. आत कुणाचं तरी दोन दिवसांचं बाळ झोपलेलं असतं.

त्या भावाला विचारलं, सायलेन्सर का बदलला? तर उत्तर ठरलेलं असतं. “आवाजासाठी नाही रे, पिकअपसाठी. इंजिन मोकळा श्वास घेतं.”

पुणे, नागपूरसारख्या शहरांत पोलीस असे सायलेन्सर काढून घेतात आणि रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवतात. फोटो, रील, बातमी सगळं होतं. तरी महिन्याभरात तोच आवाज परत येतो. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर आधी त्या ‘पिकअप’चा हिशोब बघू.

ही समजूत हवेतून आलेली नाही. आपल्या काका-मामांच्या काळातली यामाहा आरएक्स १०० आठवा. ती टू-स्ट्रोक होती. टू-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सर हा जवळपास इंजिनाचाच भाग असतो. त्याच्या फुगीर पोटातून दाबाची लाट उलटी येते आणि बाहेर निसटणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. तिथं पाइपचा आकार बदलला की गाडीचा स्वभावच बदलायचा.

आजच्या गाड्या मात्र फोर-स्ट्रोक आहेत. इथं मिश्रण आत घेणं आणि धूर बाहेर टाकणं यासाठी वेगळे व्हॉल्व्ह आणि वेगळे स्ट्रोक असतात. पाइपच्या लांबी-रुंदीचा फायदा इथंही मिळतो, पण तो मोजूनमापून केला तर. वेगानं बाहेर पडणारा वायू मागच्या वायूला ओढून नेतो. पाइप उगाच मोठा केला की वायूचा वेग कमी होतो आणि कमी आरपीएमवरची ओढ उलट घटू शकते.

आता आकडे बघा. क्लासिक ३५० चं ३४९ सीसीचं इंजिन ६,१०० आरपीएमला सुमारे २० बीएचपी देतं आणि ४,००० आरपीएमला २७ न्यूटन-मीटर टॉर्क. मोकळ्या सायलेन्सरचा जो काही फायदा व्हायचा तो बहुतेक वरच्या आरपीएमवर होतो. भोकरदन नाका ते मंठा चौफुली या रस्त्यावर खड्डे, रिक्षा आणि सिग्नल सांभाळत कोण ६,००० आरपीएमला गाडी पळवतो?

बीएस-६ गाडीत तर गोष्ट आणखी अवघड. १ एप्रिल २०२० पासून हे निकष लागू झाले. इंजेक्शनच्या गाडीत किती पेट्रोल सोडायचं ते ईसीयू ठरवतो आणि धुराच्या वाटेतला ऑक्सिजन सेन्सर त्याला खबर देतो. तुम्ही पाइप बदलला, पण ईसीयूचं गणित जुनंच राहिलं, तर फुल थ्रॉटलला मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होऊ शकतं. इंजिन तापतं. शिवाय मूळ पाइपमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला, तर कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स तशीच मागच्याच्या नाकात जातात. कारमध्ये मफलर उडवून सरळ पाइप टाकणाऱ्यांनाही हेच लागू.

आणि तो फेमस ‘फटाका’? चालत्या गाडीचा स्विच बंद-चालू केला की न जळलेलं पेट्रोल गरम पाइपमध्ये जाऊन तिथं पेटतं. म्हणजे जे पेट्रोल इंजिनात जळून चाक फिरवणार होतं, ते बाहेर वाया गेलं. पेट्रोल शंभरीपार असताना आपण स्वतःच्या खिशातले पैसे चौकात फोडतोय.

मग बदललं काय? आवाज. नवी मोटारसायकल बाजारात यायच्या आधी तिच्या आवाजाची चाचणी होते. १७५ सीसीच्या वरच्या गाडीला त्यात ८० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचा हिशोब साधी बेरीज नसतो. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. रुग्णालय, कॉलेज, कोर्ट यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. त्यात एक मोकळा पाइप शिरला की काय होत असेल, याचा अंदाज करा.

कायदा याबाबत ढिला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज-प्रदूषणाचे निकष मोडले तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र.

पण नीट वाचलं तर हे सगळं चालवणाऱ्यावर आणि मालकावर आहे. याच कायद्यात एक लाखाचा दंडही आहे, पण तो नियम मोडून गाडी विकणाऱ्या किंवा तिच्यात बदल करणाऱ्या कंपनी, आयातदार आणि वाहन डीलरसाठी. ‘इंदौरी’, ‘पंजाबी’ अशा नावांनी नुसता सायलेन्सर विकणारं दुकान आणि अर्ध्या तासात तो बसवून देणारं गॅरेज त्यात सहज बसत नाही. काही ठिकाणी पोलिसांनी दुकानदारांना इशारे दिलेत, पण रोडरोलरखाली येतो तो शेवटी बापाकडून पैसे घेऊन गाडी सजवणारा पोरगाच. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला हा प्रकार आहे.

दुसरी अडचण मोजण्याची. कंपनीची ८० डेसिबलची चाचणी ट्रॅकवर, ठरावीक अंतरावर माइक ठेवून होते. चौकात हवालदार कानानं ठरवतो. त्यातून वाद होतात, ओळखी निघतात, गाडी सुटते. पॅरिसनं २०२२ मध्ये आवाज टिपणारे रडार रस्त्यावर लावून बघितले. आपल्याकडे लगेच ते नको, पण तपासणी करणाऱ्या पथकाकडे निदान ध्वनिमापक यंत्र आणि ते वापरायची ठरलेली पद्धत तर हवी.

ज्यांना खरंच इंजिनाचं वेड आहे, त्यांचं काय? त्यांच्यासाठी बाजा आणि फॉर्म्युला भारत यांसारख्या स्पर्धा आहेत. तिथं इंजिनिअरिंगची पोरं स्वतः गाडी बांधतात, पाइपची लांबी गणितानं काढतात. आणि गंमत म्हणजे फॉर्म्युला स्टुडंटच्या रेसिंग गाडीलाही आवाजाच्या चाचणीत पास व्हावं लागतं. भंगार वितळवून सळई बनवणाऱ्या आपल्या जालन्यात लोखंड आणि वेल्डिंग कळणारे हात कमी नाहीत. कमी आहे ती हे हात वापरायची जागा.

तेव्हा सायलेन्सर बदलायच्या आधी गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा. “दादा, पॉवर किती वाढली, डायनोवर मोजलेला कागद दाखव.” तो हसला, तर पैसे खिशातच ठेवा. आणि पुढच्या वेळी रोडरोलरचा फोटो व्हायरल झाला, तर त्यात विकणारा कुठं दिसतोय का, तेही बघा.