नट आवडतो ना, मग त्याच्यासाठी लिहा की!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच लोकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. पाच हजारांवर प्रयोग, आठशेच्या आसपास भूमिका! (आकडे माझे नाहीत, पुरस्काराच्या वेळी सरकारनेच दिलेले.) मग "मातीतला कलावंत" वगैरे कौतुकाचा पूर आला आणि दोन दिवसांत ओसरला. आम्ही एकोडीचे, जिल्हा भंडारा. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटकं चालतात. झाडीपट्टीचा नट काय चीज असते ते आम्हाला पेपरमधून कळायची गरज नाही.

माझं भांडण वेगळं आहे. आयटीतल्या निम्म्या पोरांना पटकथा लिहायची असते. शनिवारी लॅपटॉप उघडायचा, शेजारी सिड फील्डचं पुस्तक ठेवायचं आणि पहिला प्लॉट पॉइंट पंचविसाव्या पानाच्या आसपास आला का ते मोजायचं. पुस्तक वाईट नाहीये हो. पण बोलणारा माणूस कोण हेच ठरलेलं नसतं! आवडता नट विचारला की उत्तर तयार, अल पचिनो. बरं, तो येणार आहे का तुमचे संवाद म्हणायला?

वडशाला (कागदोपत्री देसाईगंज) नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. तिथला लेखक समोरचा नट बघून लिहितो. रात्री दोनला, ऐन थंडीत, धानकापणी करून आलेला प्रेक्षक मैदानात बसलेला असतो. प्रवेश ढिला पडला की तो सरळ चहाला उठतो. मग विनोदी नट त्याला परत कसा बसवतो? कुठल्या शब्दावर थांबतो, कुठलं वाक्य अर्धवट सोडतो? हे नुसतं बघत राहिलं तरी संवाद कसा लिहायचा ते कळायला लागतं. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग थेट प्रॉडक्शनवर. बग सापडला तर उद्याच्या गावात दुरुस्त.

आणि बोली? झाडीबोलीत 'ळ' नाही, 'ण' नाही. डोळ्याचा डोरा होतो. "काय झालं रे?" ऐवजी "का झाला गा?" म्हटलं की अख्खं थेटर हसतं. का? तर आपल्या पटकथाकारांनी विदर्भाकडचं बोलणं कायम वॉचमन नाहीतर हिरोच्या बावळट मित्राला देऊन टाकलंय. त्या बोलीत कोणी बापाच्या कर्जाबद्दल बोलू शकतो, प्रेम करू शकतो, हे लिहिणाऱ्याच्या डोक्यातच येत नाही.

"मार्केट नाही यार," हे ठरलेलं उत्तर. हो? 'फँड्री' आणि २०१६ चा 'सैराट' कुठल्या प्रमाण भाषेत होते? करमाळ्याकडची बोली चालते, मग आमच्याच बोलीला काय झालं? २०२२ मध्ये तृषांत इंगळेंनी झाडीपट्टीवर 'झॉलीवूड' केला, त्याला सलाम. पण एका सिनेमाने अख्ख्या पट्ट्याचं काम उरकलं असं समजायचं का?

खुणेंचे फोटो शेअर करणाऱ्यांनी एवढंच सांगावं, साठीच्या माणसाची, झाडीबोलीतली, मुख्य भूमिका कोणी लिहिली आहे? मी लिहायला घेतली आहे. अकरा सीन झालेत, बारावा अडलाय. गोंदिया-बल्लारशा लाइनवर वडसा स्टेशन आहे, डिसेंबरात सीझन जोरात असतो. कोणी येतंय?