गाणं बाईला, माईक बाप्याला

आपल्या पोरांना सध्या रॅपचं वेड लागलंय. लागू दे. सत्यनारायणाच्या वर्गणीपेक्षा बरंय. वस्तीत चार पोरं जमतात, एकजण तोंडानं ठेका धरतो, दुसरा गटारापासून घटनेपर्यंत सगळं ओकून टाकतो, तिसरा मोबाईलवर शूटिंग करतो. आणि मधेच एक मुलगी येते. ती गाते. चार ओळी. त्याच चार ओळी, तीनदा. मग ती बाजूला सरकते आणि बाप्या परत बोलायला लागतो. म्हणजे विचार त्याचा, राग त्याचा, इतिहास त्याच्या बापाचा. तिचा फक्त गळा. रॅपवाले ह्या चार ओळींना हुक म्हणतात. हुक म्हणजे आकडा. आम्ही जेट्टीवर आकड्याला माल टांगतो. ह्यांनी बाई टांगलीय.

ही वाटणी आपल्या पोरांनी शोधलेली नाही. ती बीटबरोबर फुकट आली. अमेरिकेत १९७३ च्या सुमाराला ब्राँक्सच्या गल्ल्यांत हिप-हॉप उभं राहिलं, ते काळ्यांच्या आणि पोर्तो रिकन पोरांच्या रिकाम्या खिशातून. रॅप म्हणजे बोलणं, ठेक्यावर, एका दमात. सोल त्याच्या आधीचं. काळ्यांच्या चर्चमधली आळवणी रस्त्यावर आणून तिच्यात प्रेम, विरह, भूक सगळं गायचं, ते सोल. दोन्ही एकाच घरातली पोरं. पण बाजारानं लेबल लावलं: बोलणं मर्दाचं, आळवणं बाईचं. बायकाही रॅप करत होत्या, चांगला करत होत्या, पण पेटीवर चिठ्ठी तीच राहिली.

ही चिठ्ठी फाडणारा एक अल्बम २५ ऑगस्ट १९९८ ला बाहेर आला. 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल'. तेव्हा मी जन्मलो नव्हतो. लॉरिन हिल तेव्हा तेवीस वर्षांची होती. मी तो ऐकला पंचवीस वर्षांनी, डोलवीला, धरमतरच्या खाडीकाठी, रात्रपाळीच्या सुट्टीत. दिवसा ऐकायची सोय नाही. बार्जच्या पोटातला कोळसा ग्रॅब उचलतो, आणि ग्रॅबचा जबडा जिथं पोचत नाही त्या कोपऱ्यांत आम्ही फावडं घेऊन उतरतो. वर आलं की नाकातून काळं पाणी येतं. अशा वेळी कानात काहीतरी पाहिजे. माझं इंग्रजी दहावीपुरतं. निम्मे शब्द कळले नाहीत, ते नंतर एका दोस्ताकडून लिहून घेतले. पण बोलता बोलता बाई गायला कुठं लागली, हे कळायला इंग्रजी लागत नाही. अंगावर काटा येतो तिथं.

अल्बम सुरू होतो हजेरीनं. वर्गात मास्तर एकेक नाव घेतो, पोरं 'हजर' म्हणतात. लॉरिन हिलचं नाव येतं. उत्तर नाही. परत पुकारतो. उत्तर नाही. ज्याच्या आडनावापाशी येऊन मास्तरचा आवाज बदलतो, त्याला हजेरी म्हणजे काय ते मी सांगायला नको. आणि ती गैरहजर बाई पुढच्याच गाण्यात अशी काही तोंड उघडते की भल्याभल्यांची बोलती बंद. ते गाणं सगळं रॅप. त्याच्यापुढचं सगळं आळवणं. एकच गळा.

तो मास्तर कोण, ह्याचा शोध घेतला तेव्हा मी उडालोच. त्याचं नाव रास बराका. अमिरी बराकाचा पोरगा. अमिरी बराका म्हणजे काळ्यांच्या विद्रोही कवितेचा बाप. १९६७ च्या जुलैत नेवार्क शहर पेटलं, सव्वीस माणसं मेली, तेव्हा पोलिसांनी ह्या कवीचं डोकं फोडलं होतं. त्याचा पोरगा शाळेत शिकवत होता, कविता म्हणत होता, आणि २०१४ पासून नेवार्कचा महापौर आहे. लॉरिन वाढली ती नेवार्कला लागूनच, साऊथ ऑरेंजमध्ये. आणि नेवार्क माझ्यासारख्याला आणखी एका गोष्टीनं माहीत पाहिजे. २६ एप्रिल १९५६ ला कंटेनर भरून पहिलं जहाज निघालं ते नेवार्कच्या बंदरातून. त्या लोखंडी खोक्यानं जगभरच्या गोदी कामगारांच्या पाठीवरचं पोतं उतरवलं आणि पोटावर पायही दिला. तर अशा गावची ही पोरगी.

अल्बमचं नाव तिनं उचललं कार्टर वूडसनच्या १९३३ च्या पुस्तकावरून. शाळाच काळ्या माणसाला स्वतःला कमी लेखायला शिकवते, असं त्यानं त्यात मांडलं. वूडसनचे आईबाप गुलामगिरीतून सुटलेले. तो स्वतः वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाच्या खाणीत राबला आणि १९१२ ला हार्वर्डचा डॉक्टर झाला. कोळसा उपसलेल्या माणसाचं पुस्तक म्हणून माझा त्याच्यावर जरा जास्तच जीव. लॉरिन मात्र खाणीतली नाही. तिची आई शिक्षिका. ती स्वतः कोलंबिया विद्यापीठात गेली, आपल्या बाबासाहेबांच्या कोलंबियात, आणि वर्षभरात सोडून गाण्यात आली. आपल्याकडं कुणी असं केलं असतं तर आईनं चप्पल काढली असती.

आता मुद्द्याची गोष्ट. फ्युजीज नावाच्या तिघांच्या बँडमध्ये ती होती. १९९६ ला त्यांच्या अल्बमनं धुमाकूळ घातला. त्यात ती रॅप करायची, शेजारच्या दोन्ही बाप्यांपेक्षा धारदार. पण जगानं डोक्यावर काय घेतलं? तिनं गायलेलं एक जुनं प्रेमगीत. बोलली ते विसरले, गायली ते लक्षात राहिलं. दोन वर्षांनी तिनं स्वतःचा अल्बम काढला तो ह्याला जवाब म्हणून, असं माझं मत.

त्यातल्या एकाच गाण्याचं सांगतो, 'एक्स-फॅक्टर'. ग्लॅडिस नाईट ही सोलची मोठी गायिका. सत्तरच्या दशकातलं तिचं एक गाणं. १९९३ ला वू-टँग क्लॅन ह्या बाप्यांच्या टोळक्यानं त्यातला तिच्या आवाजाचा तुकडा कापला आणि स्वतःच्या रॅपमध्ये चिकटवला. झाला हुक. बाप्ये बोलतायत, मधेमधे बाईचा कापलेला गळा. पाच वर्षांनी लॉरिननं काय केलं, तर वू-टँगचा तोच माल उचलला, त्यातली बाप्यांची बडबड काढून टाकली, आणि त्यावर स्वतः अख्खं गाणं गायली. हुक सोडवून घेतला! कुणी म्हणेल हे तांत्रिक झालं. तांत्रिक नाही बाबा. चोरीला गेलेली जमीन खोदकाम करून परत घेतल्यासारखं आहे ते. आणि एवढं करून ती रडगाणं गात नाही. 'डू वॉप' मध्ये पहिलं कडवं पोरींना झापते, दुसरं पोरांना, आणि मधे जुन्या काळ्या पोरांच्या कोपऱ्यावरच्या कोरससारखं गाते. झापणारी तीच, गाणारी तीच.

पहिल्या आठवड्यात चार लाखांवर प्रती खपल्या. १९९९ च्या ग्रॅमीत पाच पारितोषिकं, त्यात सर्वोत्कृष्ट अल्बमचं, जे त्याआधी कुठल्याच हिप-हॉप अल्बमला दिलं नव्हतं. त्यावर मी फार बोलत नाही. साहेबांच्या पदकांनी माप काढायची सवय आपल्याला नको.

पण एक हिशेब सांगायलाच पाहिजे, नाहीतर मी कसला कामगार. अल्बमवर लेखन-संगीताचं श्रेय मुख्यतः लॉरिनच्या नावावर होतं. बरोबर बसलेल्या चार वादक-लेखकांनी कोर्टात दावा लावला की आमचाही हात आहे, आमची नावं कुठायत? २००१ ला कोर्टाबाहेर तडजोड झाली. माझं मत सरळ आहे. ज्यानं पाळी भरली त्याचं नाव मस्टरवर आलंच पाहिजे, मालक काळा असो, बाई असो, नाहीतर आपला सख्खा भाऊ असो. मात्र ह्या दाव्याच्या आडून जे म्हणाले की बाईला एवढं एकटीला जमणारच नाही, त्यांच्या तोंडाला वेगळा वास येतो. बाप्याच्या अल्बममागं वीस माणसं राबतात, तेव्हा त्याला कुणी विचारत नाही की तुला जमलं का.

इकडं आपल्याकडं बघा. आमच्या पेण-अलिबागच्या पट्ट्यात आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असते. म्हातारी बाई, बहुतेक निरक्षर. ती धवले म्हणते आणि तिच्या धवल्यावर विधी पुढं सरकतात. हळद तिच्या शब्दावर, मांडव तिच्या शब्दावर. ते निव्वळ गाणं नाही आणि निव्वळ बोलणंही नाही. पोथी नाही, भट नाही, अधिकार सगळा घशात. आता मांडवात भिंतीएवढे स्पीकर येतात आणि धवलारणीचे ओठ नुसते हललेले दिसतात. तरी एक गोष्ट सिद्ध आहे: बाईनं बोलायचं की गायचं, ही वाटणी ह्या मातीतली नाही.

मग आपली चळवळ? जलशांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातला देव काढला आणि बाबासाहेबांचा विचार घातला. भीमराव कर्डकांनी, त्यांच्या साथीदारांनी गावोगाव चपला झिजवल्या. पण तमाशातली बाई जलशात आली नाही. कारण समजतं. फडावर तिची जी विटंबना चालायची ती थांबवायची होती. विटंबना थांबवली, बरं झालं. पण त्या नादात तिची जागाही गेली, आणि पुढं भीमगीतात ती परतली ती गायिका म्हणून. शब्द बहुतेक बाप्याचे. वैशाली शिंदे, सुषमा देवी, कडुबाई खरात, ह्या बायांनी रात्री जागवल्या. मी त्यांच्यापुढं वाकतो. पण स्टेजवर भाषणाच्या यादीत त्यांचं नाव कधी होतं का, हे विचारायचं नाही?

बोलणाऱ्या बाया नव्हत्या असं नाही. २० जुलै १९४२ ला नागपूरला दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. त्या काळात त्यांनी भर मांडवात संततिनियमनाचा मुद्दा काढला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी १९८९ च्या 'आम्हीही इतिहास घडवला' मध्ये अशा बायांची नोंद करून ठेवली, म्हणून आपल्याला माहीत तरी. लॉरिनच्या अल्बममधलं 'टू झायन' हे गाणं ऐकताना मला सुलोचनाबाई आठवल्या. तिथं लोक तिला सांगतायत, करिअरचा विचार कर, मूल नको. ती म्हणते मला पाहिजे. इथं घरोघर सांगतायत, मुलं होऊ देत. सुलोचनाबाई म्हणतात, आवरा. दोघी उलट बोलतायत असं वाटतं. पण पोट कुणाचं, ह्यावर दोघींचं एकच उत्तर.

आणि शीतल साठे. कबीर कला मंचमधून पुढं आलेली शाहीर, स्वतः लिहिते, स्वतः गाते, गाता गाता थांबून बोलते, बोलता बोलता हाळी देते. 'जय भीम कॉम्रेड' मध्ये पाहिली असेल. माओवाद्यांशी संबंधाचा आरोप ठेवला पोलिसांनी. २ एप्रिल २०१३ ला ती विधानभवनासमोर स्वतः हजर झाली, गरोदर असताना. जूनच्या अखेरीस उच्च न्यायालयानं जामीन दिला. पुढच्याच महिन्यात तिकडं लॉरिन हिल कर बुडवल्याबद्दल तीन महिन्यांसाठी तुरुंगात गेली. दोन्हींची बरोबरी मी करत नाही, एकीचं प्रकरण पैशाचं, दुसरीचं गाण्याचं. पण आपल्या रॅपवाल्या पोरांना त्या दोघींतली लॉरिनच ठाऊक असते, तीही प्रेमगीतापुरती. शीतलला ऐकलंत तर हुकच्या चार ओळी पोरीच्या हातात ठेवताना हात थरथरेल. महादेव कोळी समाजातली माही जी मराठीतून रॅप करते, जंगलावर, आदिवासीच्या जगण्यावर. तीही कुणाच्या मधे येऊन चार ओळी गात नाही.

आता घरचं. गेल्या १४ एप्रिलला आमच्याकडच्या एका जयंती कमिटीत एक मुलगी आली. अकरावीतली. आई कंत्राटावर झाडू मारते. पोरीनं आईच्या पाळीवर लिहिलं होतं, अर्धं बोलायचं, अर्धं गायचं. तिनं म्हणून दाखवलं. मधे एके ठिकाणी बोलणं तुटतं आणि आई पहाटे जी ओवी गुणगुणते तिचाच सूर लागतो. ढोलकीवाल्यानं हात थांबवला. कमिटीवाले म्हणाले, आवाज छान आहे पोरीचा, तिला स्वागतगीत द्या. रॅपचा कार्यक्रम पोरांचा आहे, त्यात मधे गायला घेऊ. मी भांडलो. च्यायला, मतदान घेतलं. तिच्या बाजूनं मी आणि ढोलकीवाला. दोनच. पोरगी म्हणाली, मग मला नको. स्वागतगीत तिच्या मावसबहिणीनं म्हटलं.

ह्या अंकासाठी मी तिच्याकडं वही मागितली. नाही म्हणाली. "छापलं तर लोक वाचतील, दादा. ऐकणार नाहीत. मला माईक पाहिजे."

कमिटीची पुढची बैठक मार्चच्या पहिल्या रविवारी आहे, संध्याकाळी सात वाजता, विहाराच्या ओट्यावर. मतदानाला वस्तीतल्या कुणालाही बसता येतं.