देखाव्याचें छायाचित्र : काय गाळावें, काय राखावें

प्रवासांत घेतलेलीं छायाचित्रें घरीं आल्यावर मंडळींस दाखवितांना एक वाक्य हटकून ऐकूं येतें : "प्रत्यक्षांत देखावा याहून फार सुंदर होता हो!" बोलणारा खोटें सांगत नसतो. डोळ्यांनीं पाहिलेला डोंगर आकाशाला भिडलेला होता. चित्रांत त्याचा शेताचा बांध झालेला असतो. हल्लीं एकेका घरांत चार-पांच मोबाइल असल्यामुळें छायाचित्रें उदंड झालीं. परंतु त्यांपैकीं पुन्हां पाहावींशीं वाटणारीं किती, असें विचारल्यास एका हाताचीं बोटेंहि पुरून उरतील. असें कां होतें, व नवशिक्यानें त्यावर काय करावें, याचा या महिन्यांत विचार करूं.

आपण देखावा पाहतों तेव्हां डोळा एकटा पाहत नसतो. मन त्याच्या सोबतीला असतें. मन आपणांस हवें तेवढें निवडतें, आणि विजेच्या तारा, खांब, चहाची टपरी यांकडे काणाडोळा करतें. भिंगाला हा विवेक नाहीं. चौकटींत जें सांपडेल तें सर्व तें सारख्याच निष्ठेनें टिपून घेतें. चित्रकार कोऱ्या कागदावर एकेक वस्तु आणीत जातो. छायाचित्रकाराला मात्र भरलेल्या चौकटींतून एकेक वस्तु बाहेर काढीत जावें लागतें. देखाव्याच्या छायाचित्राची रचना म्हणतात ती मुख्यतः हीच.

पूर्वीच्या लोकांना हा धडा परिस्थितीच शिकवीत असे. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ मध्यें हिंदुस्थानांत आला आणि १८६६ पर्यंत त्यानें हिमालयांत तीन मोठे प्रवास केले. त्या काळीं कांचेवर द्रावण चढवून, ती ओली आहे तोंवरच चित्र घ्यावें व लागलीच अंधाऱ्या तंबूंत तें धुवावें लागे. कांचा, रसायनें, तंबू हा सारा पसारा हमालांच्या पाठीवर असे. इतका खटाटोप करणारा मनुष्य जागा नीट पारखल्यावांचून कांच खर्ची घालीत नसे. आज चित्राला पैसा पडत नाहीं, म्हणून विचारहि पडत नाहीं, एवढाच काय तो फरक.

उदाहरणादाखल वाईचा कृष्णाघाट घेऊं. पांचगणी-महाबळेश्वरास जाणारीं पुष्कळ कुटुंबें तेथें थांबतात. ढोल्या गणपतीचें देऊळ, दगडी पायऱ्या, नदीचें पात्र, झाडी, मागें डोंगर आणि वर आकाश, असा भरगच्च देखावा समोर असतो. नवशिका पोहोंचल्याबरोबर जेथें उभा असेल तेथूनच हें सगळें एका चित्रांत घेतो. मोबाइलचें नेहमीचें भिंग रुंद पट्टा पाहणारें असल्यामुळें देऊळ काड्याच्या पेटीएवढें, माणसें मुंग्यांएवढीं आणि डोंगर असून नसल्यासारखा, असें तें चित्र होतें.

अशा वेळीं हात वर करण्यापूर्वीं स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हें चित्र कशाचें? उत्तर एकाच शब्दांत आलें पाहिजे.

उत्तर 'देऊळ' असें आलें, तर त्या देवळाचें वैशिष्ट्य काय तें पाहावें. पुराचें पाणी दुभंगून जावें म्हणून त्याची मागील बाजू माशासारखी निमुळती बांधलेली आहे. मग ती बाजू व नदी हीं दोन्ही एकत्र दिसतील अशी जागा शोधावी, आणि आकाश व बाजूचीं घरें निर्दयपणें गाळावीं. उत्तर 'पायऱ्या' असें आलें, तर खालच्या पायरीवर उतरून मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर धरावा. जवळचा दगड मोठा व ठसठशीत दिसतो, आणि पायऱ्यांच्या कडा पाहणाराची नजर हाताला धरून देवळापर्यंत नेतात. उत्तर 'डोंगर' असें आलें, तर दूरचें जवळ आणणारें भिंग वापरावें व घाट सोडून द्यावा. मोबाइलला असें निराळें भिंग नसेल, तर पडद्यावर बोटांनीं चित्र मोठें करण्यांत अर्थ नाहीं. तें नुसतें कातरणें होय. त्यापेक्षां एखादी फांदी वा कमान जवळ घेऊन तिच्या मागें डोंगर ठेवावा, म्हणजे अंतराची जाणीव होते. एकाच जागीं अशीं तीन चित्रें होतात, आणि तीं तिन्ही त्या एका भरगच्च चित्राहून बोलकीं असतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जवळच्या व दूरच्या वस्तूंचें परस्परांशीं नातें भिंगावर अवलंबून नसून आपण कोठें उभे आहों यावर असतें. विजेचा खांब देवळाच्या कळसांतून उगवल्यासारखा दिसत असेल, तर उपाय यंत्रांत नाहीं, पायांत आहे. दोन पावलें डावीकडे सरकावें. उत्तम यंत्र विकत घेण्यापूर्वीं प्रत्येकानें हा बिनखर्ची उपाय वर्षभर करून पाहावा, अशी आमची शिफारस आहे.

क्षितिजाची रेषा प्रथम सरळ असावी. ती कोठें असावी, याविषयीं चौकटीचे तीन भाग पाडण्याचा नियम बहुतेकांनीं ऐकलेला असतो. हा नियम जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानें १७९७ मध्यें खेड्यांतील देखाव्यांविषयींच्या आपल्या ग्रंथांत मांडला. मोबाइलच्या पडद्यावर तशा रेषा दिसण्याची सोय असते, ती चालू करून ठेवावी. परंतु नियम हा नोकर आहे, धनी नव्हे. आकाशांत पाहण्यासारखें असेल तर क्षितिज खालीं, जमिनीवर असेल तर वर, आणि निश्चळ पाण्यांत प्रतिबिंब पडलें असेल तर खुशाल मध्यावर ठेवावें. अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराच्या १९४१ मधील सुप्रसिद्ध चंद्रोदयाच्या चित्रांत खेडें, चर्च व स्मशानांतील क्रूस खालच्या भागांत आहेत, आणि अर्ध्याहून अधिक चौकट आकाशानें व्यापिली आहे. तें आकाश रिकामें राहिलेलें नाहीं, मुद्दाम राखलेलें आहे.

उजेडाविषयीं थोडेंच सांगतों. सह्याद्रीचे कडे आडव्या थरांचे बनलेले आहेत. भर दुपारीं ते सपाट दिसतात. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हांत प्रत्येक थराखालीं सावलीची रेघ उमटते व डोंगराला अंग येतें. पावसाळ्यांत आकाश नुसतें पांढरें असेल तेव्हां तें वगळावें, आणि ओला कातळ, भातखाचरें, धबधबा यांकडे वळावें. कळ दाबण्यापूर्वीं मात्र चौकटीच्या चारी कोपऱ्यांवरून एकदां नजर फिरवावी. नको असलेले पाहुणे बहुधा तेथेंच दडून बसतात. आणि चांगल्या चित्रासाठीं कासच्या पठारावरील फुलें तुडविणें किंवा कड्याच्या टोंकावर उभें राहणें, हें कोणत्याहि चित्राच्या मोलाचें नाहीं.

गाळण्याची एवढी महती सांगितल्यावर एक मर्यादाहि सांगितली पाहिजे. गाळतां गाळतां ठिकाणाची ओळखच गाळली जाऊं नये. केवळ मावळतीचा सूर्य व तांबडें पाणी एवढेंच राखलें, तर तें चित्र वाईचें कीं आणखी कोठलें, हें दहा वर्षांनीं घेणाऱ्यालाहि सांगतां यावयाचें नाहीं. ठिकाणें स्थिर नसतात. उजनी धरणाच्या पाण्याखालीं पळसदेवचें जुनें देऊळ गेलें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं तें पुन्हां दिसूं लागतें, पण त्याच्या भोंवतींचा नांदता गांव कांहीं परत येत नाहीं. आपल्या मूळ गांवचा पार, नदीचा उतार, देवळासमोरील दीपमाळ, रस्ता रुंद होतांना तोडलें जाणारें वडाचें झाड, यांचीहि तीच गत होऊं शकते. घरांतील मुलें आज पुणें-मुंबईस, उद्यां परदेशीं जातील. त्यांच्या मुलांना आपलें गांव दिसेल तें अशा चित्रांतूनच. म्हणून प्रत्येक ठिकाणाचें एक तरी चित्र असें असावें, कीं त्यांत एखादी न चुकणारी खूण आहे आणि तिच्याशेजारीं घरचें एखादें माणूस आहे. माणसामुळें झाडाची उंची कळते, आणि झाडामुळें त्या माणसाची आठवण पक्की होते.

या महिन्यापुरता एक अभ्यास सुचवितों. घरांतील प्रत्येकानें एकाच परिचित जागीं जाऊन फक्त तीनच चित्रें घ्यावींत, आणि तीं कांहीं न सांगतां घरांतील सर्वांत वडील माणसापुढें ठेवावींत. ही जागा कोणती व चित्र कशाचें, हे दोन प्रश्न विचारावे. दोहोंचें उत्तर चटकन् आलें, तर तें चित्र कागदावर उतरवून घ्यावें, मागें स्थळ व तारीख लिहावी, आणि अल्बमांत लावावें. वर्षाकांठीं अशीं बारा चित्रें जमलीं तरी आमच्या मतें तें घर श्रीमंत होय.