‘उत्कृष्ट मुलगी’ पुरे. चार मुलींचा संघ उतरवा!

पालक, क्रीडाशिक्षक, जिल्हा संघटनांचे पदाधिकारी आणि बुद्धिबळ स्पर्धांचे संयोजक यांस जाहीर पत्रक



माझ्या स्वयंपाकघरात स्टीलचा एक डबा आहे. झाकणावर माझे नाव कोरलेले आणि त्याखाली ‘उत्कृष्ट मुलगी’. आठवीत असताना एका खुल्या स्पर्धेत तो मिळाला. माझा क्रमांक सव्विसावा होता. स्पर्धेत मुली दोनच होत्या आणि दुसरी तिसऱ्या फेरीनंतर ताप आला म्हणून घरी गेली. म्हणजे मी कोणाला हरवून उत्कृष्ट ठरले, हे मला आजतागायत कळलेले नाही. डबा मात्र पक्का निघाला. त्यात मी हळद ठेवते.

आता माझी मुलगी खेळते. डब्याच्या जागी प्लॅस्टिकचा चषक आला, बाकी सारे तसेच. माहितीपत्रकाच्या तळाशी, ‘उत्कृष्ट ज्येष्ठ खेळाडू’ आणि ‘उत्कृष्ट दिव्यांग खेळाडू’ यांच्या मधोमध एक ओळ असते: ‘उत्कृष्ट मुलगी’. एकच. मुलींनी एकमेकींशी भांडून मिळवायचे असे हे एकुलते एक बक्षीस.

या ओळीविरुद्ध हे पत्रक आहे.

बुडापेस्ट आठवा. सप्टेंबर २०२४. ४५ व्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये भारताच्या महिला संघाने पहिल्यांदा सुवर्णपदक जिंकले. नागपूरच्या दिव्या देशमुखचे फोटो सगळ्यांनी फिरवले, संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे म्हणून आपली कॉलरही ताठ झाली. पण ते सुवर्ण आले कसे, हे किती जणांनी पाहिले?

पहिल्या सात फेऱ्यांत सात विजय. आठव्या फेरीत पोलंडने दीड विरुद्ध अडीच असे हरवले. हरिका द्रोणवल्ली आणि आर. वैशाली, पहिले दोन्ही पट गेले. त्या दिवशी दिव्या जिंकली होती, वंतिका अग्रवालने बरोबरी साधली होती, तरी संघ हरला. नवव्या फेरीत अमेरिकेविरुद्ध सामना हातातून निसटत असताना वंतिकाने इरिना क्रशला हरवले आणि दोन-दोन असा निभाव लागला. दहाव्या फेरीत चीनविरुद्ध तीन पटांवर बरोबरी आणि तिसऱ्या पटावर दिव्याचा एकटीचा विजय, अडीच-दीड. शेवटच्या फेरीत अझरबैजानचा साडेतीन-अर्ध्याने फडशा. संघाचे एकोणीस गुण झाले, कझाकस्तानचे अठरा, अमेरिकेचे सतरा. वंतिकाचा तो एक डाव निकाली निघाला नसता, तर हा हिशेब कुठे गेला असता ते प्रत्येकाने आपापल्या वहीत मांडून पाहावे.

या कथेत मला सर्वांत मोलाची वाटते ती हरिका. वयाच्या तेराव्या वर्षापासून ती भारतासाठी ऑलिंपियाड खेळत आली. २०२२ मध्ये चेन्नईजवळच्या मामल्लपुरमला दिवस भरत आले असताना ती पटावर बसली. तिथे शेवटच्या फेरीपर्यंत आपला संघ आघाडीवर होता, अमेरिकेकडून तीन-एक असा हरला आणि सुवर्णाचे कांस्य झाले. बुडापेस्टला पहिल्या पटावर तिला स्पर्धा जडच गेली. समोर प्रत्येक देशाची सर्वांत बळकट खेळाडू येत होती. वैयक्तिक स्पर्धा असती तर हरिका केव्हाच मागे पडली असती आणि बातमीत तिचे नावही आले नसते. इथे ती पहिल्या पटावरचा मारा झेलत राहिली, खालच्या पटांवर दिव्या आणि वंतिका गुण वसूल करत राहिल्या, पाच डावांसाठी तानिया सचदेव येऊन बसली, आणि शेवटच्या दिवशी हरिका स्वतः जिंकली. दिव्या अकराच्या अकरा फेऱ्या खेळली, साडेनऊ गुण मिळवले आणि तिसऱ्या पटाचे वैयक्तिक सुवर्ण घेऊन आली. चौथ्या पटाचे वंतिकाला मिळाले. एकीचे ओझे दुसरीने उचलण्याचा हा खेळ आहे. ‘उत्कृष्ट मुलगी’ या ओळीत तो कुठेच बसत नाही.

मुलगी बुद्धिबळ का सोडते, हे कोणत्याही पालकाला विचारा. नववीचे वर्ष, शिकवणी, प्रवास, ‘एकटीला कुठे पाठवायचे’. शेवटचे कारण सर्वांत खरे असते. शंभर मुलग्यांच्या हॉलमध्ये चार मुली चार कोपऱ्यांत बसतात, फेरी संपली की आपापल्या आईजवळ जाऊन उभ्या राहतात. डाव हरला तर त्यावर बोलायला कोणी नाही. मुलगे बाहेर पायऱ्यांवर पट मांडून हरलेला डाव पुन्हा खेळतात, एकमेकांना शिव्या घालतात आणि त्यातूनच शिकतात. मुलीला ते मिळत नाही, कारण तिच्याजवळ तिच्या संघातल्या दुसऱ्या तिघी नाहीत. त्या आणा. मग चार आयांपैकी एक आई सोबत जाईल, बाकीच्या तिघी घरी राहतील. खर्च वाटला जाईल, भीतीही वाटली जाईल. साधा हिशेब आहे.

यावर ठरलेला प्रश्न येतो, आणि तो बहुधा हुशार माणूसच विचारतो: “बुद्धीच्या खेळात स्त्रियांना वेगळा गट कशाला? ज्यूडित पोल्गार खेळली नाही का पुरुषांशी?”

खेळली. जगातल्या पहिल्या दहांत गेली, आणि हंगेरीच्या खुल्या संघातून २००२ मध्ये ब्लेडला आणि २०१४ मध्ये ट्रॉम्सोला रौप्यपदके मिळवली. पण तिचे नाव घेणाऱ्याने १९८८ चे थेसालोनिकीही आठवावे. बारा वर्षांची ज्यूडित, तिच्या बहिणी झुझा आणि झोफिया, आणि चौथी इल्डिको मादल. या चौघींनी महिला ऑलिंपियाडमध्ये सोव्हिएत संघाला मागे टाकले. ज्यूडितने तेरा डावांत साडेबारा गुण घेतले. १९९० मध्ये नोव्ही सादला याच चौघींनी पुन्हा सुवर्ण जिंकले. पुढे ज्यूडित खुल्या गटात गेली ती या पायावरून. महिला गट म्हणजे कुंपण नव्हे. तो पायरीचा दगड आहे, आणि पायरीवरून वर गेलेल्या बाईकडे बोट दाखवून ‘मग पायरी कशाला हवी’ असे विचारणे ही जरा जास्तच हुशारी झाली.

शिवाय दुसरा गट पुरुषांचा नाहीच. तो ‘खुला’ आहे. आपली वर्तमानपत्रे मात्र दर ऑलिंपियाडला ‘पुरुष संघ’ छापतात. महिलांचे वेगळे ऑलिंपियाड १९५७ मध्ये नेदरलँड्समधल्या एमेनला सुरू झाले. त्याआधी सात वर्षे, १९५० मध्ये दुब्रोव्हनिकला फ्रान्सच्या संघातून शांताल शोदे द सिलान्स ही बाई खेळून गेली होती. आणि आपल्याकडे? मुंबईची रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये तेराव्या वर्षी राष्ट्रीय ‘पुरुष’ स्पर्धेत उतरली, तेव्हा केवढा गहजब झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी निकाल दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून कोणालाही स्त्री म्हणून वगळता येणार नाही. हा निकाल एका मराठी मुलीमुळे लागला आणि मराठी वर्तमानपत्रे पन्नास वर्षे झाली तरी ‘पुरुष संघ’ छापत आहेत. बातमी लिहिणाऱ्यांनो, एका शब्दाची दुरुस्ती आहे. त्याला अनुदान लागत नाही.

खाडिलकरांचीच गोष्ट पुढे न्यायची तर वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणी. १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली आणि पहिली दहा वर्षे विजेतेपद या तिघींच्या घराबाहेर गेले नाही. लोक याला आनुवंशिक बुद्धी म्हणतात. मी म्हणते, घरात तीन मुली आणि एक पट होता. पोल्गारांच्या घरीही तसेच होते. म्हणजे ज्या घरात मुलींचा संघ आपोआप तयार झाला, तिथेच विजेत्या निघाल्या. ज्यांना बहीण नाही त्यांनी काय करायचे? त्यांना शाळेने, तालुक्याने, जिल्ह्याने बहिणी द्यायच्या. संघ म्हणजे दुसरे काय असते?

जॉर्जिया हा देश केवढासा, महाराष्ट्राच्या एका विभागाएवढीही लोकसंख्या नाही. नोना गाप्रिंदाश्विली १९६२ मध्ये जगज्जेती झाली. १९७८ मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री. तिच्यामागून माया चिबुर्दानिद्झे आली, आणि सोव्हिएत संघ फुटल्यावर १९९२, १९९४ व १९९६ अशी सलग तीन महिला ऑलिंपियाड या चिमुकल्या देशाने जिंकली. एका नोनाला पाहून घराघरातल्या मुली पटावर बसल्या. तिच्या नावाने आज एक चषक आहे: खुल्या आणि महिला संघांची कामगिरी एकत्र मोजून जो देश सरस ठरेल त्याला तो मिळतो. २०२४ मध्ये भारताला मिळाला, २०२२ मध्येही मिळाला होता. या चषकाची रचना मला फार आवडते. ज्या देशाने मुलींकडे दुर्लक्ष केले, त्याचे मुलगे कितीही थोर असले तरी तो चषक त्याच्या हाती लागत नाही.

तीच युक्ती खाली उतरवा, एवढेच आमचे मागणे आहे.

शालेय सांघिक स्पर्धेत चार पट असतील तर एका पटावर मुलगी बसलीच पाहिजे, असा नियम करा. “मुली मिळत नाहीत हो,” असे क्रीडाशिक्षक म्हणतील. नियम झाला की आठ दिवसांत मिळतील. आजवर कोणी शोधल्याच नाहीत. हे काही आमच्या डोक्यातून निघालेले खूळ नाही. फ्रान्सच्या वरच्या लीगमध्ये संघात स्त्री खेळाडू असावीच लागते. २०२३ पासून खेळवल्या जाणाऱ्या ग्लोबल चेस लीगमध्ये सहांच्या संघात दोन स्त्रिया असतात. पैसा ओतून संघ विकत घेणाऱ्या मालकांना जे परवडते, ते आपल्या तालुका स्पर्धेला परवडत नाही का?

याखेरीज प्रत्येक जिल्ह्यात वर्षातून एकदा मुलींची सांघिक स्पर्धा हवी. चार पट, एक राखीव. मुख्य हॉलमध्ये, चांगल्या घड्याळांवर, त्याच पंचांसमोर. मागच्या वर्गखोलीत, जिथे पंखा आवाज करतो आणि फळ्यावर भूमितीची आकृती तशीच असते, तिथे नको. बक्षीस पाचही जणींना सारखे. आणि स्वच्छतागृहाची किल्ली कोणाकडे आहे हे फेरी सुरू होण्याआधी जाहीर करा. हसू नका. नव्वद मिनिटांच्या डावात घड्याळ चालू असताना ती किल्ली शोधत फिरलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांतली एक माझी होती.

बाहेरगावी संघ जाईल तेव्हा व्यवस्थापक बाईच असावी. संघात निवड झालेल्या मुलीचे म्हणणेही ऐकून घ्यावे. पुण्याची सौम्या स्वामिनाथन २०१८ मध्ये इराणमधल्या हमदानला होणाऱ्या आशियाई सांघिक स्पर्धेतून बाहेर पडली, कारण तिथे डोक्यावर रुमाल सक्तीचा होता. देशाच्या संघातली जागा तिने सोडली. पटावरच्या मुलीने काय घालावे, हे तिच्याखेरीज सगळेच ठरवू पाहतात. २०२४ च्या जानेवारीत विक आन झी इथल्या स्पर्धेनंतर दिव्यानेच जाहीरपणे सांगितले की प्रेक्षक तिचे डाव सोडून कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवरच बोलतात. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्यानंतर आठ महिन्यांनी तिने बुडापेस्ट केले, आणि २०२५ च्या जुलैत बातुमीला अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. तिच्या केसांवर बोलणाऱ्यांनी यांतला एक तरी डाव मांडून पाहिला का, हे विचारायला हवे.

महिला ऑलिंपियाडमध्ये सुरुवातीला प्रत्येक संघाचे दोनच पट असत, मग तीन झाले, आणि २००८ मध्ये ड्रेस्डेनला खुल्या गटाप्रमाणे चार. जगाला एकावन्न वर्षे लागली. आपण अजून एका पटावर, एका ओळीवर, एका डब्यावर आहोत.

वाचणाऱ्या आईबाबांना एवढेच सांगणे: पुढच्या स्पर्धेचे माहितीपत्रक हातात आले की तळाची ती ओळ शोधा. संयोजकांना फोन लावा आणि विचारा, मुलींची सांघिक स्पर्धा केव्हा घेणार? तारीख मिळेपर्यंत प्रवेश शुल्क भरू नका. आणि आपल्या सोसायटीतल्या, वाडीतल्या, वर्गातल्या तीन मुलींना या रविवारी घरी बोलवा. पट एकच असला तरी चालेल.

आपली,
सव्विसाव्या क्रमांकाची ‘उत्कृष्ट मुलगी’

(वाचून झाल्यावर हे पत्रक टाकून देऊ नये; शाळेच्या फलकावर लावावे.)